लॉज मावळ

आकुर्डीच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून, चिंचेच्या झाडांमागे एक बैठी दगडी इमारत होती. खिडक्या उंचावर, त्याही बारा महिने बंद. दारावर दगडात कोरलेला कंपास नि गुण्या. इंग्रजांच्या काळात रेल्वेतल्या नि लष्करातल्या साहेबांनी ती बांधली. फ्रीमेसन म्हणवणाऱ्या बंधुमंडळाचे ते लोक. महिन्यातून एका शनिवारी जमायचे, दारं लावून घ्यायचे, आणि आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही अशी त्यांची शपथ. साहजिकच आसपासच्या वस्त्यांनी त्या इमारतीला जादूघर म्हणायला सुरुवात केली. आत कवट्या आहेत, कुणी म्हणे रक्ताची वाटी फिरवतात, कुणी म्हणे रेड्याची पूजा असते.

सरूबाई या जादूघराच्या मागच्या खोलीत राहायची. तिचा नवरा भिवा तिथला चौकीदार. त्याचा बापही तिथंच चौकीदार होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सरूबाईनं हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, कारण बायकांनी आत जायचं नाही हा मंडळाचा नियम. झाडलोट भिवा एकटा करायचा. आत काय आहे ते तिनं विचारलं की तो म्हणायचा, "खुर्च्या हायत." यापुढं एक अक्षर नाही.

सरूबाईच्या अंगात बसणं म्हणून नव्हतं. भाकऱ्या झाल्या की भांडी, भांडी झाली की अंगण, अंगण झालं की फाटकाशी जाऊन रस्ता बघणं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा गेले, तेव्हापासून तर हात रिकामे पडले की तिच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. समोरच्या शेतांत सरकारची माणसं दुर्बिणी लावून मोजणी करत होती. रोज एखादा नवा खांब, नवी भिंत, नवी चिमणी. सगळा मुलूख कुठंतरी निघाला होता आणि आपण तेवढ्या चिंचेखाली बसून आहोत, असं तिला वाटायचं.

बासष्ट साली मंडळाचे चिटणीस झाले अण्णासाहेब. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, चिंचवडला राहायचे, शिस्तीचे पण मनानं मऊ. महाराष्ट्र राज्य झालं, आता इंग्रजी पाटी बरी दिसत नाही, असं त्यांनी सभासदांच्या गळी उतरवलं आणि फाटकावर नवी पाटी लावली. पांढऱ्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत, "लॉज मावळ". साहेब लोकांत मंडळाच्या शाखेला लॉज म्हणतात. रस्त्यानं जाणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार?

पाटीचा रंग वाळला नसेल तोच एका संध्याकाळी फाटक वाजलं. भिवा बाजाराला गेला होता. बाहेर एक काळासावळा, काटकुळा तरुण उभा. खांद्यावर पत्र्याची ट्रंक, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा.

"बाई, रातच्यापुरती जागा मिळंल का?"

"कसली जागा?"

"लॉज हाय ना हे?" त्यानं हनुवटीनं पाटी दाखवली. "उस्मानाबादेकडून यायलो. सकाळी कंपनीत मुलाखत हाय. टेशनापासून चालतच आलो बघा."

"हितं साहेब लोकांची मिटिंग असती. राहायचं न्हाई हे."

"मग पाटी कामून लावली?"

तिनं त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या एका दमात रिकामा केला, ते बघून तिनं विचारलं, "जेवलास का?" तव्यावर भाकरी होतीच. मागच्या व्हरांड्यात तिनं त्याला बसवलं आणि भाकरी, आमटी, ठेचा पुढं ठेवला.

भिवा पिशवी घेऊन आला तो दारातच थबकला. "हे कोन?"

"पाव्हणं."

"कुनाचं?"

"पाटीचं," सरूबाई म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

त्याचं नाव ज्योतीराम. त्याला नोकरी लागली, आणि लागल्या लागल्या त्यानं गावाकडच्या चौघांना सांगितलं. पिंपरीत उतरलास तर लॉज मावळला जा, मागच्या अंगाला जा, वैनी जेवू घालतात. मग फाटक वाजायचं थांबेना. सातारकडचे, बार्शीकडचे, कोकणातले. कुणी एक रात्र राही, कुणी खोली मिळेपर्यंत. महिन्याचा तो शनिवार आला की ट्रंका, वळकट्या, ताटं सगळं भिवाच्या खोलीत कोंबायचं, व्हरांडा धुवायचा, माणसांना दिवसभर कुठंतरी पिटाळायचं. साहेब लोकांच्या मोटारी गेल्या की पुन्हा चूल.

सरूबाईला आता पाठ टेकायला फुरसत नव्हती, आणि ती खूश होती. बिचाऱ्या भिवाचा जीव मात्र टांगणीला. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की तो दचकायचा. "एक दिस तू मला घालवनार हितनं," म्हणायचा. पण हरबऱ्याची डाळ संपली तर मुकाट आणूनही द्यायचा.

असं दोनेक वर्षं चाललं. मग जयसिंगाचं प्रकरण झालं.

जयसिंग माण तालुक्यातला, चांगल्या शेतकरी घरचा, बोलका गडी. व्हरांड्यात तो असला की जेवणं रंगायची. पंधरवडाभर तो जेवत होता, आणि "वैनी, अशी आमटी आमच्या आईलाबी जमत न्हाई" असं दर ताटाला म्हणत होता. एके दुपारी ठेचा मागायला तो थेट खोलीच्या दारात आला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. जयसिंगानं तसबिरी पाहिल्या, मग सरूबाईकडे पाहिलं. वाटी पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "पोट भरलं."

ताटात अर्धी भाकरी तशीच होती. संध्याकाळी तो ट्रंक घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं आले नाहीत. एकानं निरोप धाडला, ओव्हरटाइम आहे. दुसऱ्याचा मामा भेटला होता. तोंडावर कुणी काही बोललं नाही, हेच सरूबाईला जास्त लागलं. बोलले असते तर तिनंही चार शब्द सुनावले असते. ज्योतीराम तेवढा आला आणि खाली मान घालून जेवून गेला.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी उठली ती तसबिरी काढूनच.

"कुठं नेतीस?" भिवानं विचारलं.

"भाईर. व्हरांड्यात लावते."

"येडी का काय! भितीत खिळा ठोकायचा न्हाई. इमारत साहेबांची हाय."

"न्हाई ठोकत खिळा." तिनं सुतळी घेतली आणि दोन्ही तसबिरी व्हरांड्याच्या खांबाला बांधल्या, येणाऱ्याला पायरी चढतानाच दिसतील अशा. "ज्याला बगायचंय त्यानं आदी बगावं, मग बसावं. अर्ध्या ताटावरनं कुनी उठायचं न्हाई माझ्या हितं."

काही दिवस चूल मंदच राहिली. कुणी पायरीवरून मागं फिरलं, कुणी नुसतं पाणी पिऊन गेलं. ज्योतीराम मात्र खांबाखालीच पाट ओढून बसायला लागला. मग हळूहळू नवी माणसं आली. जी आली ती बघून आली. माणसं कमी, पण सरूबाईला आता भाकरी वाढताना खाली बघावं लागत नव्हतं.

सहासष्टच्या थंडीत भिवाच्या बहिणीचा नवरा गेला. भिवा खेडकडे गेला आणि हॉलची किल्ली खोलीतल्या कोनाड्यात ठेवून गेला. त्या महिन्यात मंडळाची बैठक आठवडाभर अलीकडे घेतली होती. भिवाला ते माहीत होतं, पण मयताच्या घाईत बायकोला सांगायचं राहून गेलं.

शनिवारी दुपारी एक अनोळखी माणूस फाटकाला धरून उभा राहिला आणि तिथंच खाली बसला. नाव दादू म्हणाला, पुढचं काही धड बोलता येईना. अंग तव्यासारखं तापलेलं. ज्या खोलीत राहत होता तिथल्या मालकानं, आजार पसरेल म्हणून त्याला बाहेर काढलं होतं. सरूबाईनं त्याला व्हरांड्यात निजवलं, पण वारं असं सुटलं होतं की गोधडी अंगावर राहीना. स्वतःच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी माणसांनी ठेवायला दिलेल्या ट्रंकांनी भरलेली. दादूचे दात वाजत होते.

तिनं कोनाड्यातली किल्ली घेतली.

तिनं कुलूप काढलं. दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली. चारी भिंतींशी मोठाल्या कोरीव खुर्च्या. जमीन काळ्या-पांढऱ्या चौकटींची, बुद्धिबळाचा पट अंथरल्यासारखी. वर निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या. कवटी नाही, वाटी नाही, रेडा तर नाहीच. एवढ्यासाठी एवढी कुलपं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच वेळी ते छत बघून तिला काहीतरी वाटलंही. भिवा रोज इथं एकटा असतो, या चांदण्यांखाली झाडू मारतो आणि घरी येऊन म्हणतो, खुर्च्या हायत.

पण उभं राहायला वेळ नव्हता. कोपऱ्यातली सतरंजी तिनं ओढली, जेवायला आलेल्या ज्योतीरामाच्या मदतीनं दादूला आत आणून निजवलं, आणि शेगडी पेटवून त्याच्या पायाशी ठेवली.

चारच्या सुमाराला मोटारी आल्या. ज्योतीराम औषध आणायला गेलेला. सरूबाई दादूच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. दारात पहिले अण्णासाहेब आले, काळ्या कोटात, पांढरे हातमोजे घातलेले. त्यांच्यामागं आणखी पाचसहा जण.

"सरूबाई!" इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारल्याची ही पहिलीच वेळ.

"ताप हाय त्याच्या अंगात," ती म्हणाली. "हळू बोला."

सगळेच एकदम बोलायला लागले. मंडळात एक पारशी डॉक्टर होते. त्यांनी हातमोजे काढले, खाली बसून दादूची नाडी पाहिली, पोट दाबलं, आणि कुणाला न विचारता त्याला उचलून आपल्या मोटारीत घातलं, इस्पितळात न्यायला. शेगडी उचलली तेव्हा दिसलं की तिच्या खालची पांढरी फरशी तडकून काळी पडली होती. एक म्हातारे सभासद त्या फरशीकडे बघत असे उभे राहिले की जणू घरातलं माणूस गेलंय.

दुसऱ्या दिवशी भिवा परतला आणि त्याच्याच समोर निकाल लागला. मंडळानं पुन्हा बैठक घेतली. हॉलची दारं बंद, आणि हे दोघं नवराबायको चिंचेखाली उभे. मतं काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी टाकतात, एवढं भिवानं तिला तिथं उभ्या उभ्या सांगितलं. मंडळाबद्दल त्यानं आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट.

अण्णासाहेब बाहेर आले तेव्हा थकलेले दिसत होते. "भिवा, तुझी नोकरी राहील. तुझ्या वडिलांची सेवा सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ही खानावळ आजच्या आज बंद. आवारात बाहेरचा माणूस दिसता कामा नये." मग सरूबाईकडे वळून म्हणाले, "तुम्ही वाईट केलंत असं मी म्हणणार नाही. पण नियम माझ्या एकट्याचे नाहीत."

"आपण सगळे भाऊ भाऊ, असं तुमच्यात म्हनत्यात ना?" सरूबाईनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अण्णासाहेबांनी हातमोजे काढून खिशात घातले आणि ते मोटारीकडे गेले.

भिवानं त्याच संध्याकाळी चूल विझवली. "सुटलो," म्हणाला. "वाटलं हुतं, घालवत्यात."

"मी न्हाई बंद करनार."

"सरू!"

"उद्या सकाळची पाळी सुटली की ती मानसं येनार. त्यास्नी काय सांगू? जावा माघारी?"

मग भिवा बोलला, आणि असा बोलला की सरूबाई ऐकतच राहिली. "गावात माझ्या बाला नाव नव्हतं. जातीवरनं हाक मारायची लोकं, न्हाईतर 'ए' म्हनायची. ह्या फाटकात उबा राह्यला तवा गोऱ्या साहेबानं पयल्यांदा त्याला नाव इचारलं. येसाजी. साहेब मोटारीतनं उतरला की म्हनायचा, गुड इव्हिनिंग, येसाजी. बा घरी यिऊन ते आमाला बोलून दाखवायचा. मी हे फाटक सोडनार न्हाई. तू काय बी म्हन."

तिला ते कळलं. कळलं म्हणूनच तिला जास्त चरफडायला झालं. नवरा चुकत असता तर भांडता आलं असतं.

दोन दिवसांनी ती रस्ता ओलांडून समोर चिमाजीच्या शेतात गेली. चिमाजी तिथला जुना कुणबी. कारखान्यांसाठी जमीन जाणार अशी नोटीस त्याला कधीच आली होती. बांधावर बसून तो बिडी ओढत होता.

"चिमाजीदादा, रस्त्याकडंच्या कोपऱ्यात चूल घालू का?"

चिमाजीनं तिच्याकडं बघितलं, मग शेताकडं. "सरकार न्हेनारच हाय. न्हेईल तवर घाल." थोडं थांबून म्हणाला, "ती तुमची तसबीर बांदायला खांब लागंल. माझ्याकडं हाय एक."

तिनं तिथं पत्र्याचा आडोसा उभा केला. पहाटे उठून रस्ता ओलांडायची, अंधार पडला की परत यायची. मागच्या खोलीत नवराबायको निजायचे, पण दिवसभर ती एका बाजूला नि तो दुसऱ्या. मधून मुंबईच्या लॉऱ्या धडधडत जायच्या. भिवा खाकी कोट घालून फाटकात उभा असायचा आणि ती फुंकणीनं जाळ फुंकता फुंकता त्याच्याकडं बघायची. दुपारी ती त्याचा डबा पाठवायची. तो फाटकातच उभ्यानं खायचा, पण पलीकडं काही यायचा नाही.

दादू बरा झाला म्हणे. इस्पितळातून कुठं गेला, कुणाला कळलं नाही. पुन्हा कधी दिसला नाही.

वर्षं गेली. चिमाजीची जमीन गेली, पण रस्त्याकडेचा कोपरा कुणाच्याच नकाशात नीट बसला नाही, म्हणून पत्रे राहिले. चिमाजीचा धाकटा मुलगा कंपनीत लागला आणि सरूबाईकडंच जेवायला बसू लागला. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसांचे लोंढे आले. तेव्हा तर तिच्याकडं पंगतींवर पंगती उठायच्या, अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या थापून थापून तिच्या मनगटात कळा यायच्या. ज्योतीरामानं निगडीला दोन खोल्या घेतल्या, बायकोला आणलं, युनियनच्या कमिटीवर गेला. वैनीची आता सगळ्यांनी मावशी केली. समोरच्या जादूघरात मात्र मोटारी कमी कमी होत गेल्या. जुने सभासद मेले. कंपन्यांतल्या नव्या साहेबांचे स्वतःचे क्लब झाले, तिथं बायकामुलांनाही नेता यायचं. पारशी डॉक्टर परदेशी मुलाकडे गेले. शेवटी शेवटी त्या एका शनिवारी अण्णासाहेब आणि तिघंचौघं म्हातारे एवढेच यायचे. भिवा तरी खुर्च्या सगळ्या पुसायचा.

अठ्ठ्याहत्तर साली मंडळानं इमारत विकायचं ठरवलं. सामान पुण्यातल्या कॅम्पातल्या लॉजला द्यायचं. ज्योतीरामाच्या लोकांनी ती जागा कामगारांच्या सभांसाठी मागितली होती, पण घेतली खेडकडच्या बबनरावानं. बबनराव हॉटेलवाला. तो सोन्याची साखळी घालून सरूबाईच्या पत्र्याखाली आला.

"मावशी, खाली परमिट रूम, वर मजला चढवून खोल्या. नाव तेच ठेवणार, लोकांना तोंडपाठ आहे. तुम्ही किचन सांभाळा. भिवाभाऊंना नवा युनिफॉर्म देतो, टोपीसकट."

"दारू वाढनार तिथं?"

"ते वेटर बघतील. तुम्ही फक्त मटण बघा."

"मला चुलीम्होरं माणूस दिसावं लागतं," सरूबाई म्हणाली. "भितीआड न्हाई जमायचं." भिवाला तिनं काही सांगितलं नाही, त्याला त्याचं ठरवू दिलं.

ट्रक आला त्या सकाळी भिवानं हमालांना खुर्च्यांना हात लावू दिला नाही. एकेक खुर्ची स्वतः गोणपाटात गुंडाळली. ट्रक भरला तेव्हा म्हणाला, "लावून यितो नीट. हमाल आपटत्यात." आणि ट्रकच्या मागं चढून बसला, खाकी कोट घालून, हातात गोट्यांची पेटी.

संध्याकाळपर्यंत तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरूबाईनं सकाळचं जेवण वाढलं पण कुणाला काय वाढलं तिला आठवेना. एकाच्या ताटात तिनं तीनदा आमटी ओतली. शेवटी तिनं चूल शेजारच्या टपरीवालीवर टाकली, लोकल पकडली आणि पुण्यात उतरून कॅम्पात विचारत विचारत ते लॉज शोधून काढलं.

भिवा तिथं मोठ्या हॉलच्या पायरीवर बसून एका खुर्चीला तेल लावत होता. तिला बघून तो उठलाही नाही.

"घरी कळवायचं तरी," ती म्हणाली. "मी काय समजू?"

"हितं मानूस लागतो त्यास्नी. अण्णासाहेबांनी शब्द टाकलाय माझ्यासाठी." त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "मागं खोली हाय. आपल्यापेक्षा मोठी. नळ हाय आत. बगतीस?"

तिनं खोली बघितली. चांगली होती. नळ सोडला, पाणी धोधो आलं. खिडकीतून भिंत दिसत होती, आणि भिंतीपलीकडं शांत रस्ता, गुलमोहर, एक सायकलवाला. एवढ्या शांततेत तिचे कान दुखल्यासारखे झाले.

"काय करू मी हितं दिसभर?"

"बस की आता. किती पळशील?"

"तुमाला बसता येतं. मला न्हाई येत," ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं की कशानं तिलाच कळेना. "तुमच्या बाला नाव ज्या फाटकात मिळालं ते फाटक राह्यलं तिकडं. हितं तुमी खुर्च्यांमागं आलाय."

भिवानं नळ बंद केला. "मला दुसरं येतं काय, सरू?"

तिनं त्याच्या कोटाचं लोंबणारं बटण नीट शिवून दिलं, सुई तिच्या पोलक्याला कायमच असायची. आणि एकटीच लोकलनं परत आली.

नंतरची तीन वर्षं असंच. भिवा सोमवारी यायचा, मंगळवारी सकाळी जायचा. लोक विचारायचे, मावशी, काका कुठं? ती म्हणायची, पुण्याला नोकरीला. खोटं काहीच नव्हतं, तरी सांगताना तिला चोरट्यासारखं वाटायचं. मागची खोली बबनरावानं पाडली, तशी ती पत्र्याच्या आडोशातच निजू लागली. समोर परमिट रूमचे लाल दिवे, गाणी, भांडणं. झोप लागायची नाही. सोमवारची वाट बघायची आणि सोमवार आला की दोघं कशावरून तरी वाद घालायचे, बहुतेक मिठावरून.

ऐंशीच्या अखेरीस अण्णासाहेब गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला भिवा आला होता, सरूबाईही गेली. त्यांच्या सुनेनं हिला ओळखलं नाही, पण बसायला सतरंजी दिली, चहा दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रस्ता रुंद होणार म्हणून कडेच्या सगळ्या टपऱ्यांवर चुन्याचे पट्टे पडले. सरूबाईच्या पत्र्यावरही पडला. ती हातपाय गाळून बसली नाही. भोसरीकडं नवे कारखाने उठत होते, तिथं ज्योतीरामानं ओळखीनं एक गाळा बघून दिला. बुधवारी टेम्पो ठरवला. पातेली, परात, तवे, लाकडाची मोळी, खांबासकट तसबिरी, सगळं ती एकटीच चढवत होती, आणि टेम्पोवाला इंजिन चालू ठेवून घाई करत होता.

तेवढ्यात बसमधून भिवा उतरला. वार बुधवार, आणि हातात त्याची ट्रंक.

"आज कसं काय?" तिनं परात खाली न ठेवता विचारलं.

"सोडलं तिथलं."

"का?"

"अण्णासाहेबांमागं कुनी मला भिवा म्हननारं राह्यलं न्हाई तिथं. वॉचमन म्हनत्यात." त्यानं ट्रंक टेम्पोत टाकली. "खुर्च्या बऱ्या हायत. पुसतोय कुनीतरी."

सरूबाईला खूप काही बोलायचं होतं. तीन वर्षांचं साठलेलं होतं. पण टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"ते मोठं पातेलं धरा," ती म्हणाली. "मागं बसा आन् मांडीत घ्या, वाटंत आदळंल. भिवा नावानं हाक मारायला मानसं पायजेत ना? दुपारच्या पाळीला शंभरएक येनार हायत. नावं सांगून सांगून दमाल."

भिवा चढला, कोटाचे खिसे सारखे केले आणि पातेलं मांडीत घेतलं. सरूबाई त्याच्याशेजारी मोळीवर बसली. टेम्पो हलला तशी ती लगेच वाकून विचारू लागली की गाळ्याला पाणी किती वाजता येतं, आणि सरपण तिथंच मिळतं की लांबून आणावं लागेल, आणि भिवाला यातलं काही ठाऊक नव्हतं तरी तो प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर देत होता.